पिळणी, गाळणी आणि दोन हात: दहा किलो लिंबांचा रस कडू न होता कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाहून दहा किलो कागदी लिंबं आली आहेत, वर्षाचं सरबत करून ठेवायचं आहे. मागच्या खेपेला सालं काढून लिंबं मिक्सरमधून फिरवली, गाळली. त्या दिवशी चव बरी लागली आणि दुसऱ्या दिवशी कडू जहर. विजेचं यंत्र घ्यायचं नाही. घरात लाकडी लिंबूपिळणी, मोसंबीचा प्लॅस्टिकचा हातज्यूसर आणि दोन गाळण्या आहेत. एवढ्यावर भागेल का? आणि मोसंबीचा रसही ठेवला की कडू का होतो?

भागतं. बावीस वर्षं मी एवढ्याच सामानावर लिंबाचं सरबत करून विकते आहे. सासर श्रीगोंद्याकडचं, म्हणजे लिंबाच्या मुलखातलं. लग्नाआधी मला लिंबू म्हणजे भाजीवाल्याने वरती फुकट टाकायची वस्तू एवढंच माहीत होतं. सासरी पोत्याने लिंबं पाहिली. पहिल्याच पावसाळ्यात आत्याबाईंनी (म्हणजे सासूबाईंनी) पुढ्यात परात सरकवली आणि मी जीव खाऊन एकेक लिंबू पिळायला लागले. त्यांनी मी टाकलेली एक रिकामी वाटी उचलली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "धुणं पिळतीस का लिंबू?" वाटीच्या आतला पांढरा भाग चिरडून कापसासारखा झाला होता. लिंबात थोडा रस राहू द्यायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

एक लिंबू आडवं कापून उजेडात धरा. चाकांच्या आऱ्यांसारख्या आठ-दहा पाकळ्या दिसतील, त्यांच्यामध्ये पातळ पडदे, मधोमध पांढरा गाभा, बाहेर पांढरा पापुद्रा आणि त्याच्या बाहेर साल. पाकळीत डोकावलंत तर लांबट, टोकदार दाणे दिसतात. रस फक्त त्या दाण्यांत असतो. त्या दाण्यांत कडूपणा जवळजवळ नसतो, तो बाकी सगळीकडे असतो. सालीवर जे बारीक टिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. हे तेल थोडं उतरलं तर वास छान येतो, जास्त उतरलं तर जीभ चुरचुरते. बिया कडू, पांढरा पापुद्रा कडू, पडदेही कडू.

आता तुमच्या मिक्सरचं. पापुद्र्यात आणि बियांत लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होण्याचं सामान असतं. फळ धड असतं तोवर ते कडू नसलेल्या रूपात असतं. पाती फिरून सगळं एकजीव झालं की ते आंबट रसात मिसळतं आणि सावकाश, काही तासांत, त्याचं लिमोनिन होतं. म्हणून काढताक्षणी चव बरी लागते आणि सकाळी तोंड वाकडं होतं. तुम्ही पिवळी साल काढलीत हे ठीक, पण खाली पांढरा पापुद्रा राहिला आणि बिया तर आतच होत्या. मोसंबीचंही हेच, फक्त मोसंबीत आंबटपणाची आड नसल्याने कडवटपणा लगेच उघडा पडतो. गरम केलं तर हे आणखी झपाट्याने होतं. पपनसाची गोष्ट वेगळी. त्यातलं नारिंजिन पहिल्या घासालाच कडू लागतं, वाट बघायला लावत नाही.

तर हाताने रस काढण्याचा फायदा पैसे वाचण्याचा नाही. हाताला कळतं कुठे थांबायचं. पात्याला कळत नाही.

लिंबं आली की आधी निवडा. दहा किलोंत तीन ढीग होतात. पातळ, गुळगुळीत सालीची, पिवळसर आणि हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटणारी लिंबं आज पिळायची. हिरवीगार, टणक लिंबं परातीत पसरून तीन-चार दिवस ठेवायची, पिवळी पडत जातात तशी साल नरम होते. आणि जाड सालीची, खरखरीत, टोकाला बोंड आलेली लिंबं लोणच्याला. त्यांच्यावर पिळणी चालवणं म्हणजे हात दुखवून घेणं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे म्हाळुंग आहे ते या कुळातलं टोक: सगळी साल आणि रस नावाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती ही लिंबाची जात मिळाली तर रसासाठी उत्तम, पण घरच्या झाडाचं असेल त्याला जात विचारत बसू नका, वजन बघा.

पावसाळ्यात लिंबू स्वस्त आणि रसाळ असतं, उन्हाळ्यात महाग आणि बहुधा घट्ट. हस्त बहराची, म्हणजे पावसाळा संपता संपता फुलणाऱ्या मोहराची, फळं नेमकी उन्हाळ्यात येतात, सगळ्यांना तेव्हाच हवी असतात आणि माल कमी. म्हणून वर्षाचं सरबत पावसाळी लिंबांचं करावं. तुम्ही योग्य वेळी विचारलंत.

धुऊन, पुसून घ्या. फ्रीजमधली असतील तर आदल्या रात्री बाहेर काढा, किंवा हाताला सोसेल अशा गरम पाण्यात दहा मिनिटं टाका. कोमट लिंबातून दुप्पट रस निघतो असं लोक छातीठोकपणे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. रस थोडा जास्त निघतो, पण खरा फायदा म्हणजे तो कमी जोरात निघतो आणि जोर कमी लागला की साल चिरडत नाही. एक-दोनच लिंबं असली तर मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद पुरतात, त्यापुढे लिंबू शिजायला लागतं. फ्रीझरमध्ये गोठवून पिळण्याचीही एक युक्ती सांगतात. गोठताना दाणे फुटतात, त्यामुळे लिंबू लोण्यासारखं पिळलं जातं हे खरं, पण असा रस लगेच संपवायचा असेल तरच. साठवायच्या रसाला ही युक्ती नको.

मग लिंबू ओट्यावर ठेवून तळहाताने दाबत मागेपुढे लाटायचं, पोळीचा गोळा लाटतो तसं नाही, गोटी घोळवतो तसं. सात-आठ वेळा. आतले दाणे सुटल्याचं हाताला जाणवतं, लिंबू अचानक मऊ लागतं. तिथे थांबा. सालीवर ओल आली किंवा हाताला वासाचा चिकटपणा लागला तर तेल बाहेर आलं, म्हणजे जास्त झालं.

ओटा कसला आहे ते मात्र बघून घ्या. ग्रॅनाइट असेल तर चिंता नाही. कडप्पा किंवा शहाबादी असेल तर खाली पाट, ताट, जाड टॉवेल, काहीही घाला. हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबाचा थेंब पडला की बारीक फेस येतो आणि पुसल्यावर तिथे पांढुरका डाग राहतो, तो घासून जात नाही कारण तो डाग नसतोच, दगड खाल्लेला असतो. माझ्या कडप्प्यावर पहिल्या वर्षाचे थेंब अजून मोजता येतात. संगमरवराचंही तेच.

कापायचं आडवं. देठ एका बाजूला, बोंड दुसऱ्या बाजूला आणि सुरी मधून, म्हणजे सगळ्या पाकळ्यांची तोंडं एकदम उघडतात. उभं कापलं तर पाकळ्यांचे पडदे रस अडवून धरतात, आणि मग आपण जोर करतो. सुरी स्टीलची, धारदार. आमच्याकडची जुनी विळी लोखंडी होती. लिंबाने पातं काळं पडायचं आणि रसाला लोखंडाची चव यायची. बोथट सुरीने लिंबू आधी चेपतं, मग कापतं, आणि निम्मा रस पाटावर जातो. कापल्यावर सुरीच्या टोकाने वर दिसणाऱ्या बिया उडवून टाका. हे काम कंटाळवाणं आहे. एका बाजूला कोणाला तरी बसवून गप्पा मारत करून घ्या, पण टाळू नका. पिळणीत बी फुटली की तिचा कडूपणा गाळणीला अडत नाही.

आता पिळणी. शंभरात नव्वद घरांत अर्धं लिंबू पिळणीत उलटं ठेवलेलं असतं. म्हणजे लिंबाचा घुमट वाटीच्या खोलगट भागात बसवतात, कारण तो तिथे अगदी मापाने बसतो. डोळ्याला बरोबर दिसतं, पण ते चूक आहे. कापलेली बाजू खाली, भोकांकडे हवी आणि घुमट वर. वरचं डोकं घुमटावर येऊन दाबतं आणि वाऱ्यात छत्री उलटी होते तशी लिंबाची वाटी आतली बाहेर होते. पाकळ्या भोकांवर दाबल्या जातात, रस सरळ खाली पडतो, तोंडावर उडत नाही. उलटं ठेवलं तर डोकं पाकळ्यांना सालीत चेपतं, रस बाजूने वर येतो, दांड्यावरून मनगटापर्यंत ओघळतो. पिळणी गळते म्हणून तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांची पिळणी चांगलीच असते.

दांडे सावकाश मिटा. एकदम झटका दिला तर रस उडतो आणि साल फाटते. पहिल्या दाबाला जवळजवळ सगळा रस येतो. मग दांडे थोडे उघडून लिंबू पाव वळसा फिरवा आणि पुन्हा एकदा हलकं दाबा. दुसऱ्या दाबाला राहिलेला येतो. तिसऱ्या दाबाला जे येतं ते पांढरट, जरा दाट असतं. आत्याबाई त्याला लिंबाचा घाम म्हणायच्या. बोटाला लावून चाटून बघा, पहिल्या दाबाचा रस आणि तिसऱ्या दाबाचा रस शेजारी शेजारी. एकदा ही चव कळली की पुढे मोजावं लागत नाही. शंका वाटली तर रिकामी वाटी उलगडून बघा. पडदे अजून ओलसर चकाकताहेत, पांढरा भाग अखंड आहे, मग हात बरोबर चाललाय. आतला भाग कापसासारखा पिंजला असेल तर पुढच्या लिंबाला हात आवरा. त्या वाटीत जो चमचाभर रस राहतो त्यासाठी जीव तुटू देऊ नका. तो साठवणीच्या बरणीत नको, पण आजच्या वरणात, पोह्यांवर, कोशिंबिरीत खुशाल पिळा. लगेच खाल्लं तर कडू व्हायला त्याला वेळच मिळत नाही. मी दोन भांडी ठेवते: एक बरणीचं, एक आजच्या स्वयंपाकाचं.

तुमची लाकडी पिळणी अशा कामाला फार चांगली. लाकूड लिंबाने झिजत नाही, दांडे लांब असल्याने जोर कमी लागतो. दोष एकच, बिजागरीत रस मुरतो आणि बुरशी धरते. काम झाल्यावर गरम पाण्याने धुवा, भिजत टाकू नका, उघडी करून सावलीत वाळवा. अॅल्युमिनियमची पिळणी रोजच्या दोन लिंबांना ठीक, पण दोन-तीनशे लिंबांनी ती काळपट पडते आणि खरखरीत होते. वरचा रंगीत थर उडालेली असेल तर साठवणीच्या रसाला नकोच. स्टीलची जड येते, पण आयुष्यभर पुरते. विकत घेताना मिटवून बघा: डोकं आणि वाटी यांच्यामध्ये सालीपुरती जागा राहायला हवी. अगदी चिकटून बसणारी पिळणी साल चिरडते.

पिळणी नसेल, प्रवासात असाल, तर काट्याने भागतं. अर्ध्या लिंबात काटा खुपसायचा, दुसऱ्या हाताने लिंबू मुठीत धरून काट्याभोवती फिरवत पिळायचं. पडदे फाटतात आणि रस मोकळा होतो. चमचाही चालतो, पण चमचा पापुद्रा खरवडतो. हाताने पिळताना कापलेली बाजू वर तळहाताकडे धरून, बोटं किंचित फाकवून पिळलं तर रस बोटांतून खाली जातो आणि बिया हातात राहतात. भेळवाला बोलता बोलता हेच करत असतो, बघण्यासारखं असतं. स्वयंपाकघरातल्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये लिंबू धरून दाबणारेही आहेत. मला ते आवडत नाही, पाय नेमके गाभ्यावर टोचतात.

दहा किलोंचा हिशेब सांगते. पावसाळी कागदी लिंबू साधारण ३५-४० ग्रॅमचं, म्हणजे अडीचशे ते तीनशे लिंबं. रस साडेतीन ते चार लिटर. दोन माणसं, एक कापणारा, एक पिळणारा, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल, तर दोन-अडीच तासांत आटोपतं. एकट्याने करायचं असेल तर दोन दिवसांत विभागा, पण कापून ठेवू नका. जेवढं पिळणार तेवढंच कापा. कापलेलं लिंबू तासभर उघडं राहिलं की वरून सुकतं आणि वास जातो.

हातांबद्दल दोन गोष्टी, कारण हे कोणी सांगत नाही. बोटाला कुठे चिरलंय हे लिंबूच सांगतं. बसण्याआधी हातांना खोबरेल तेल चोळा, झोंबणं कमी होतं. दुसरी गोष्ट गंभीर आहे. लिंबाच्या सालीच्या तेलात काही द्रव्यं असतात, फ्युरोकुमारिन म्हणतात त्यांना. ती कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी डाग आठवडे, महिने राहतात. एका मे महिन्यात मी अंगणात बसून शेकडो लिंबं पिळली आणि तशीच गच्चीवर पापड उचलायला गेले. तिसऱ्या दिवशी उजव्या हातावर कोपरापर्यंत ओघळांच्या आकाराचे डाग उठले. जणू कोणी ब्रशने काढले. दिवाळीच्या सुमाराला ते पुसट झाले. तेव्हापासून हे काम घरात, उन्हापासून लांब, आणि झाल्याबरोबर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल नाही. लहान मुलं मदतीला बसवली असतील तर त्यांचे हात-तोंड आधी धुवा. रबरी हातमोजे घातले तर उत्तमच, मला ते घालून लिंबाचा अंदाज येत नाही.

गाळणं. आधी मोठ्या भोकांची गाळणी, बिया आणि पडद्यांचे तुकडे अडवायला. मग चहाची बारीक गाळणी किंवा धुतलेलं सुती कापड. गाळणीवर चमचा घासू नका. घासलं की पडदे पिसून खाली उतरतात आणि आपण पिळताना सांभाळलेलं सगळं पाण्यात. गाळणी दोनदा आपटा, पाच मिनिटं तशीच ठेवा, जे येईल ते येईल. कापड घेतलं तर पिळू नका, टांगून ठेवा, चक्का टांगतो तसं. रसात थोडे दाणे राहिले तर राहू देत, ते कडू नसतात.

भांडं काचेचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मी पहिल्या वर्षी रात्रभर रस ठेवला होता. सकाळी रसाला धातूची चव आणि पातेल्याला आतून बारीक खड्डे. कल्हई नसलेलं पितळ आणि तांबं तर अजिबात नको. तांब्याचा संबंध चवीपुरता नाही, क जीवनसत्त्वही त्याने लवकर जातं. हा धडा ब्रिटिश नौदलाने फार महागात घेतला. १७९५ पासून ते खलाशांना लिंबाचा रस देऊ लागले आणि स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, हटला. पुढे १८६० च्या सुमाराला त्यांनी भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं सोडून वेस्ट इंडीजच्या छोट्या लिंबांचा रस घेतला. ती लिंबं म्हणजे आपल्या कागदी लिंबाचीच जात. त्यात हे जीवनसत्त्व मुळात कमी, वर रस हवेत उघडा राहिलेला आणि तांब्याच्या नळ्यांतून आलेला. १८७५ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत खलाशांना पुन्हा स्कर्व्ही झाला, जहाजावर लिंबाचा रस असूनही. म्हणून रस काढला की काठोकाठ भरून झाकण लावावं, अर्धी बरणी हवेने भरलेली ठेवू नये.

सरबताचं माझं प्रमाण: एक लिटर रसाला दोन किलो साखर आणि चार-पाच चमचे मीठ. रस उकळायचा नाही, पाकही करायचा नाही. चिनी मातीच्या बरणीत रस, साखर, मीठ घालून लाकडी चमच्याने दिवसातून तीन-चार वेळा ढवळायचं, तीन-चार दिवसांत साखर विरघळते. दोन किलोच्या वर साखर घालू नका. तेवढ्या रसात साधारण तेवढीच मुरते, वरची तळाशी बसून राहते. कमी घातली तर आंबायची भीती. मग कोरड्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये. ग्लासभर पाण्याला तीन चमचे. साखर नको असेल तर नुसता रस बर्फाच्या साच्यात गोठवा आणि खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. आमटीला एक, सरबताला दोन.

मोसंबीला पिळणी नव्हे, तुमचा तो मधे खाचांचा सुळका असलेला ज्यूसर. मोसंबी आडवी कापायची, बिया काढायच्या आणि सुळक्यावर ठेवून दाबत फिरवायची, पण फिरवायची म्हणजे अर्धा वळसा इकडे, अर्धा तिकडे. गरगर फिरवलं तर सुळका पाकळ्या संपवून पापुद्र्यात घुसतो आणि लिमोनिनचं सामान ग्लासात येतं. मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते म्हणून हे जमतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सुळक्यावर ठेवलं की साल हातात आणि गर सुळक्यावर गोल गोल फिरत राहतो. संत्रं हाताने सोलावं, फोडींवरच्या पांढऱ्या शिरा ओढून काढाव्यात, प्रत्येक फोडीच्या सरळ कडेला नखाने चीर देऊन बिया बाहेर काढाव्यात, आणि फोडी मलमलच्या कापडात बांधून हलक्या हाताने दाबाव्यात. चार माणसांना चार ग्लास करायला पाऊण तास जातो. म्हणून आमच्याकडे संत्र्याचा रस फक्त आजारी माणसाला मिळतो, धडधाकटांनी फोडी खाव्यात.

मोसंबीचा रस किती वेळ ठेवायचा विचाराल, तर ठेवायचाच नाही. कितीही जपून काढला तरी थोडं लिमोनिन होतंच. डब्यात देणं भाग असेल तर रस नको, सोललेली मोसंबी द्या.

सालं टाकणार असाल तर थांबा. लोणच्याच्या मिठात मुरवलीत तर महिन्याभरात खाता येतात, कडवट लागतात पण मला आवडतात. उरलेली वाळवू नका, तशीच फ्रीजमध्ये ठेवा आणि कुकर लावताना तळाच्या पाण्यात एक टाका. अॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. ज्या आंबटाने माझ्या पातेल्याला खड्डे पाडले, तेच इथे एका सालीपुरतं काळं खाऊन टाकतं.